बरणीतली ग्रोटेन

नॉर्बर्ट कोझाकने ग्रोटेन ब्रुअरीत एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत बिअरचा एक थेंबही स्वतः बनवला नाही. तो लेबलं लावायचा. म्हणजे लेबलं लावणाऱ्या यंत्रापाशी उभा राहायचा आणि बाटलीवरचं लेबल केसभर जरी तिरकं गेलं तरी पट्टा थांबवायचा. पण हे आता गावाला कोण सांगणार? विस्कॉन्सिनमधल्या त्या तळ्याकाठच्या गावातली ब्रुअरी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. तिथे एके काळी झाडू मारणारासुद्धा आता शुक्रवारी तळलेल्या माशांवर ताव मारताना मॉल्ट आणि हॉप्सवर व्याख्यान झोडायचा. नॉर्बही झोडायचा. आवाज खणखणीत होता, त्यामुळे त्याचं म्हणणं खरंच वाटायचं.

तेव्हा लेकीने, ट्रिशाने, नाताळात त्याला घरी बिअर बनवायचा संच आणून दिला यात तिचा काय दोष? वीस लिटरची बादली, घट्ट झाकण, झाकणात खोचायची बुडबुड्यांची नळी, बुचं ठोकायचं यंत्र, मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीच्या, पाकाचे डबे, कडवटपणासाठी हॉप्सच्या गोळ्या आणि यीस्टचं एवढंसं पाकीट.

"डॅड, आता मला तुझ्या हातची बिअर पाजायची," ट्रिशा म्हणाली.

"इतकी वर्षं नुसती तोंडाने बनवतोय," बायको डोनेल म्हणाली. "आता हाताने बनव की."

पुढच्याच शुक्रवारी नॉर्बने ही बातमी मित्रांना दिली आणि युनियनचा जुना अध्यक्ष मिल्ट ओल्सन टेबलावर मूठ आपटून उभा राहिला. "ऐका रे! यंदा लेबर डेच्या सहलीला बिअर आपल्या नॉर्बची!" सगळ्यांनी ग्लास आपटले. नॉर्बने उठून मान लववली. लेबर डे, म्हणजे तिथला कामगार दिन, सप्टेंबरात, अजून लांब होता, आणि लांबच्या गोष्टीला मान लववायला काही लागत नाही.

संचाबरोबर एक पुस्तिका होती. ती त्याने उघडलीच नाही. ब्रुअरीत हयात घालवलेल्या माणसाने पुस्तिका वाचायची? त्याने मॉल्टचा काढा उकळला, हॉप्स टाकले आणि वाफा येत असतानाच त्यात यीस्टचं पाकीट रिकामं केलं. यीस्ट जागच्या जागी मेलं. पाच दिवस नळीत एक बुडबुडा आला नाही. मग पलीकडच्या गावातल्या दुकानातून, ओळखीचं कोणी नाही हे बघून, त्याने दुसरं पाकीट आणलं. ते एकदाचं फसफसलं. तो रोज सकाळी झाकण उघडून वाकून बघायचा आणि पुन्हा लावायचा.

बाटल्या भरल्यावर मात्र त्याने आपलं कसब दाखवलं. ट्रिशाकडून सुरेख लेबलं छापून घेतली, त्यांना मागून दुधाचा हात फिरवला, कारण दुधाने चिकटवलेलं लेबल घट्ट बसतं आणि पाण्यात धरलं की सुटतं. अठ्ठेचाळीस बाटल्या ओट्यावर एका रेषेत उभ्या राहिल्या. एकही लेबल तिरकं नव्हतं. कवायतीला उभ्या राहिलेल्या पलटणीसारख्या त्या दिसत होत्या आणि नॉर्ब त्यांच्यापुढून दोनदा फिरला.

तीन आठवड्यांनी त्याने पहिली बाटली उघडली. डोनेलने एक घोट घेतला आणि सिंककडे धावली.

"कशी आहे?"

"जखमेवरची पट्टी चोखल्यासारखी," ती तोंड पुसत म्हणाली. "लेबल छान आहे."

एप्रिलमधली दुसरी खेप आंबट निघाली, आणि नुसती आंबट नाही, तर बूच उघडताच अशी उसळली की स्वयंपाकघराच्या छतावर तपकिरी डाग पडला. इकडे मिल्ट दर शुक्रवारी विचारत होता, "काय मग, कुठवर आलं?" नॉर्ब म्हणायचा, "मुरतंय, मुरतंय." मे महिना उजाडला तेव्हा त्याची भूक कमी झाली होती. लोक हसतील, एवढीच भीती नव्हती. हसता हसता त्यांना कळलं असतं की नॉर्ब कोझाकला बिअरमधलं काहीच येत नाही, कधीच येत नव्हतं, एकतीस वर्षं तो कागद चिकटवत होता. हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

गावात बिअर खरोखर बनवता येणारा एकच माणूस उरला होता आणि त्याच्याशी गेली बावीस वर्षं कोणी बोलत नव्हतं.

ड्युएन हाफनर. ब्रुअरीच्या तळघरातल्या टाक्या त्याच्या ताब्यात असायच्या. नॉर्बचा जिवलग मित्र, ट्रिशाचा धर्मपिता. बावीस वर्षांपूर्वी मालकाने पेन्शनला हात घातला आणि संप झाला, तेव्हा युनियनच्या सभेत उठून ड्युएननेच सांगितलं होतं, "ग्रोटेनचं यीस्ट नव्वद वर्षं एका खेपेतून दुसऱ्या खेपेत चालत आलंय. मालकाने चिक्कूपणा करून ते बाहेर कुठे जपायलाही दिलेलं नाही. त्याला नवा काढा मिळाला नाही तर फार तर बारा दिवस. यीस्ट मेलं की ग्रोटेन मेली. बारा दिवस कळ काढा, मालक गुडघे टेकत येईल." लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बाया फाटकाशी गरम जेवण आणून देत होत्या, माणसं पिंपात लाकडं पेटवून हात शेकत होती आणि दिवस मोजत होती.

नवव्या दिवशी ड्युएन हाफनर मागच्या फाटकातून आत गेला आणि त्याने यीस्टला खायला घातलं. नंतर रोज जात राहिला. मालकाने गुडघे टेकले नाहीत. बाहेरची माणसं आणून ब्रुअरी चालू केली, संप एक्केचाळिसाव्या दिवशी मोडला, लोक कमी पगारावर खाली मान घालून परत गेले, आणि दोन वर्षांनी मालकाने नाव आणि यीस्ट दोन्ही एका परराज्यातल्या कंपनीला विकून फाटकाला कुलूप घातलं. मिल्टचं घर गेलं. त्याची बायको चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली ती आलीच नाही. ड्युएनच्या खिडक्या तीनदा फुटल्या. पत्ते खेळायला त्याला कोणी बसू देईना, चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. नॉर्बने लग्नाच्या अल्बममधून त्याचे फोटो काढून टाकले.

मे महिन्यातल्या एका दुपारी नॉर्ब दोन बाटल्या कागदी पिशवीत घालून ड्युएनच्या पायऱ्या चढला.

दार उघडलं. ड्युएन वाळला होता. त्याने आधी नॉर्बकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "गुडघे दुखत असतील तुझे. ये."

नॉर्बने बाटल्या टेबलावर ठेवल्या. काय बोलायचं ते त्याने गाडीत घोकलं होतं, पण तेवढ्यात ड्युएनने पहिली बाटली उघडून नुसतं हुंगलं.

"नळाचं पाणी. क्लोरीन उडवलंच नाहीस. आदल्या दिवशी पाणी उकळून ठेवायचं असतं, बाबा." दुसरी त्याने सिंकमध्ये धरून उघडली. फेस कोपरापर्यंत आला. "आणि इथे झाकण उघडून बघत बसला होतास. रोज?"

"रोज," नॉर्ब म्हणाला.

"लेबल मात्र झकास."

नॉर्बला हसू आलं आणि त्याचा रागही आला. ड्युएनने फ्रिजमधून बिनलेबलाची एक बाटली काढून दोन ग्लास भरले. नॉर्बने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. दुपारच्या सुट्टीत बाटल्यांच्या पट्ट्याशेजारी उभ्याने प्यायलेली, चोरून नातेवाइकांच्या लग्नात वाटलेली, बाप वारला त्या दिवशी प्यायलेली तीच चव. किंचित कडसर, शेवटी भाजलेल्या पावाची.

"हे कुठून आणलंस?"

ड्युएनने फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली काचेची बरणी दाखवली. तळाशी साईसारखा दाट थर होता. "शेवटच्या दिवशी डब्यातून घरी आणलं. दर दहा दिवसांनी काढा घालतो. कुत्रा पाळतात ना लोक, तसं."

"त्या कंपनीकडे पण आहे की."

"त्यांनी वर्षभरात टाकून दिलं. स्वस्तातलं दुसरं वापरतात. नाव तेवढं ठेवलंय." त्याने बरणी पुसून परत ठेवली. "जगात आता एवढंच आहे."

नॉर्बच्या तोंडून इतक्या वर्षांचं साचलेलं निघालं. "का गेलास रे आत? बारा दिवस तर तूच सांगितले होतेस!"

"हो. माझंच तोंड."

"तीन दिवस राहिले होते, ड्युएन. तीन!"

"मला घरी बसून ते मरताना दिसत होतं. मालकासाठी नाही गेलो, त्याच्या बापाची शपथ घेऊन सांगतो. मी फक्त यीस्टला खायला घालायला गेलो होतो."

"आणि माणसं उपाशी नव्हती? मिल्टच्या घरात काय चाललं होतं माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं." ड्युएनने आपला ग्लास बाजूला सारला. "माणसं काहीतरी करून जगतात रे. त्याला माझ्याशिवाय कोण होतं?"

हे ऐकून नॉर्बने उठून निघून जायला हवं होतं. तसं त्याच्या मनातही आलं. पण ग्लासात अजून अर्धी बिअर होती आणि ती ग्रोटेन होती. तो बसून राहिला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बनवायला शिकवशील? लेबर डेच्या सहलीला बिअर द्यायचं कबूल करून बसलोय," तो म्हणाला.

"शिकवीन. यीस्टही देईन. एकच अट." ड्युएनचा आवाज बदलला. "लेबर डेला ते सगळे पितील तेव्हा हे यीस्ट कोणाचं ते सांगायचं. माझं नाव घ्यायचं. मला माफ करा वगैरे नको. शिव्या देऊ देत, ग्लास फेकू देत. पण पिऊन झाल्यावर. एकदा ती चव जिभेवर असताना त्यांनी माझं नाव ऐकावं, बस."

नॉर्बने हात पुढे केला आणि ड्युएनने तो दोन्ही हातांत धरला.

त्या उन्हाळ्यात नॉर्ब पहिल्यांदा बिअर बनवायला शिकला. ड्युएन त्याला लहान मुलाला रागवावं तसा रागवायचा. "काढा गार झाला का? हात लावून बघ. लाव की, चावत नाही! आणि आता तो हात बादलीत बुडवलास तर मोडीन." बादली, नळी, चमचा, सगळं जंतुनाशकात बुडवल्याशिवाय तो कशाला स्पर्श करू द्यायचा नाही. बादली जुन्या फ्रिजमध्ये थंडीत ठेवली, आणि झाकणावर त्याने चिकटपट्टी लावून लिहिलं, 'नॉर्ब, नाही.' वाट बघण्याच्या आठवड्यांत दोघं पत्ते कुटत बसायचे. जुन्या फोरमनची नक्कल करताना ड्युएनला इतकं हसू यायचं की खोकला सुटायचा. मित्र परत मिळाला याचा नॉर्बला आनंद झाला होता, अगदी खराखुरा. तरी डोनेलखेरीज कुणाला त्याने हे सांगितलं नाही. डोनेलने विचारलं, "सहलीत नाव घेणार ना त्याचं?" तो म्हणाला, "शब्द दिलाय." ती म्हणाली, "ते मी नाही विचारलं."

लेबर डेला तळ्याकाठच्या बागेत, पत्र्याच्या छपराखाली, एकोणीस जण जमले. एके काळी दोनशे जमायचे. शेगडीवर सॉसेज भाजले जात होते. नॉर्बने बर्फातून बाटल्या काढल्या, आणि त्याने स्वतः, एकेकाला, बिअर ओतून दिली.

गप्पा पहिल्या घोटाला थांबल्या. बॉयलरवर काम केलेला एक म्हातारा ग्लास नाकाशी धरून तसाच उभा राहिला. मिल्टने डोळे मिटले, अर्धा ग्लास संपवला आणि डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"ग्रोटेन," तो म्हणाला. "अरे, ही ग्रोटेन आहे!"

मग एकच गलका उठला. लोक नॉर्बच्या पाठीवर थापा मारत होते, पुन्हा ग्लास पुढे करत होते. बॉयलरवाल्याने त्याच्या गालाचा मुका घेतला. मिल्टने त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "ही चव मी शेवटची संपाच्या आदल्या दिवशी घेतली. नंतर प्यायलो नाही. त्या हाफनरने मारली ही, मागच्या फाटकातून जाऊन. आणि तू, लेकाच्या, तू ती परत आणलीस! कसं केलंस? यीस्ट कुठून आणलंस?"

सगळे नॉर्बकडे बघू लागले.

हीच ती वेळ होती. याहून सोपी वेळ कोणी कोणाला देत नाही. नॉर्बने तोंड उघडलं. त्याला मिल्टची भीती वाटली हे खरं, पण मी म्हणेन, नुसती भीती असती तर तो बोलला असता. त्याला गोड वाटत होतं. एकतीस वर्षं बाटलीच्या बाहेरून हात फिरवलेल्या माणसाला आज पहिल्यांदा कोणी आतल्या वस्तूसाठी मिठी मारत होतं, आणि त्यातला अर्धा वाटा काढून त्याला कुणाला द्यावासा वाटेना.

"पाकिटातलं," तो म्हणाला. "दुकानातलं. पाण्याचं जरा बघावं लागतं. आदल्या दिवशी उकळून ठेवायचं."

"ऐका! पाण्याचं!" मिल्ट ओरडला. "एकतीस वर्षांचा अनुभव आहे रे तो!" आणि सगळ्यांनी नॉर्बच्या नावाने ग्लास उंचावले.

चार वाजता तो ड्युएनकडे गेला. न जाता चाललं नसतं. ड्युएनने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडून तो सकाळपासून बसला होता हे खुर्चीखालच्या कॉफीच्या चार कपांवरून कळत होतं. नॉर्बने गाडी त्याच्या गाडीमागे लावली आणि उतरला.

"आवडली?" ड्युएनने विचारलं.

"संपली. एक थेंब राहिला नाही."

"ओळखली?"

"मिल्टने. पहिल्या घोटात."

ड्युएनने मान हलवली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आणि नाव घेतल्यावर?"

नॉर्ब म्हणाला, "घेतलं." एवढं बोलल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "गप्प झाले."

"शिव्या?"

"नाही."

"ग्लास कुणी फेकला?"

"नाही रे. गप्प बसले सगळे. पीत राहिले."

"मिल्टसुद्धा?"

"मिल्टसुद्धा."

ड्युएन तळ्याच्या दिशेने बघत राहिला. "मिल्ट गप्प बसला," तो म्हणाला. "बावीस वर्षं तो माणूस माझं नाव निघालं की थुंकतो. दुकानात, पोस्टात, लहान पोरांसमोर. आणि आज पीत राहिला." तो हसला, रडलाही थोडं, आणि मग एकदम उठला. आत जाऊन फ्रिजमधून दोन बाटल्या आणल्या, शर्टाच्या बाहीने त्या पुसल्या आणि खिशात किल्ल्या चाचपल्या.

"कुठे निघालास?"

"मिल्टकडे. आत्ता घरी आला असेल ना?"

"आज नको," नॉर्ब म्हणाला. "थकलाय तो. जरा जाऊ देत चार दिवस."

"अरे, तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मी सत्तर. चार दिवस कशाला? मी काही बोलणार नाही. दारात उभा राहीन, बाटली पुढे करीन. त्याने नाव ऐकलंय, आता तोंड बघू दे." त्याने नॉर्बच्या खांद्यावर हात ठेवला. "तू केलंस हे. मला वाटलं होतं तुझी जीभ नाही रेटणार. खोटं कशाला बोलू, सबंध दिवस मला तेच वाटत होतं. चुकलो."

नॉर्बला वाटलं, आता सांगावं. अजून वेळ आहे, तो पायऱ्यासुद्धा उतरलेला नाही. त्याने ओठ ओले केले.

"ड्युएन."

"काय?"

"काही नाही. जपून जा."

ड्युएन पायऱ्या उतरून गाडीत बसला. बाटल्या त्याने शेजारच्या सीटवर आडव्या ठेवल्या आणि पट्टा त्यांच्यावरून ओढून लावला. मग त्याने आरशात बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नॉर्ब! तुझी गाडी मागे आहे. काढतोस का जरा?"

नॉर्ब आपल्या गाडीत जाऊन बसला. त्याने इंजिन सुरू केलं, मागे वळून बघितलं आणि ड्युएनला बाहेर पडता येईल एवढी गाडी मागे घेतली.